प्रूफ

समितीची पावतीपुस्तकं आमच्याच प्रेसमध्ये छापली.
नारायण पेठेत, मुंजाबाच्या बोळालगत, जिन्याखाली,
जिथे भर दुपारीही ट्यूब लावावी लागते.
पन्नास पुस्तकं, शंभर-शंभर पानी,
वरचं पान गुलाबी, खालचं पांढरं,
माथ्यावर: नदीकाठ सेवा समीती, पुणे.
ती मोठी वेलांटी आमच्या देवकुळ्यांची.
सातवी नापास माणूस,
पण शिशाची अक्षरं उलटी वाचायचा, मलाही त्यानेच शिकवलं.

नंबरिंगचं यंत्र माझ्याकडे.
खट्, ४००१.
खट्, ४००२.
पुढे जा, असं त्याला कुणी सांगावं लागत नाही.
मागे आणायचं तर टोच्या घालून
एकेक चाक बोटाने ढकलावं लागतं,
नखं काळी होतात.
ते मी ढकललं.
खजिनदार रायरीकर म्हणाले, "तेच नंबर पुन्हा घ्या, ताई.
एक संच हिशेबाला, एक कामाला."
दर दुप्पट दिला, रोख.
त्याची पावती त्यांनी मागितली नाही.
आम्हीही दिली नाही.

संध्याकाळी सातनंतर उपायुक्त खांबेटे आले,
स्कूटर लांब, गिरणीपाशी लावून.
टेबलावर दोन प्रूफं शेजारी शेजारी,
दोन्हींवर ४००१.
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद नाकाशी नेला.
मला वाटलं, आता विचारतील.
देवकुळे उगाचच चहा सांगायला बाहेर गेले.
साहेबांनी खिशातून लाल पेन काढलं
आणि 'मी'भोवती गोल केला.
समासात लिहिलं: मि, पहिली.
मग दुसरं प्रूफ घेतलं. तिथेही गोल, तिथेही पहिली.
"लोकांच्या हातात जाणार हा कागद," म्हणाले,
"निदान शुद्ध तरी असावा."

पुढे वर्षभर
नदीच्या निळ्या रेषेत ज्यांचे मजले अडकले होते
त्यांच्या घरी एकेक गुलाबी पावती गेली
आणि नकाशावर रेषा थोडी सरकली,
झोपलेल्या माणसाने कूस बदलावी तशी.

मग एकाच नंबरच्या दोन पावत्या
एकाच टेबलावर आल्या. ४४१७.
एक अकरा हजारांची, एक अकरा लाखांची,
वेलांटी दोन्हींची बरोबर.

पेपरात साहेबांचा फोटो आला, खाली त्यांचं म्हणणं:
'या व्यवहाराबाबत मी पूर्णपणे अनभिद्न्य होतो.'
दुसऱ्या दिवशी त्याच पेपरात त्यांचं पत्र:
शब्द अनभिज्ञ असा आहे, कृपया दुरुस्ती छापावी.
छापली. चौकटीत.
देवकुळे इतके हसले की त्यांना ठसका लागला,
मग बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

ती लाल गोलांची प्रूफं आहेत अजून.
कटिंग मशीनचा एक पाय आखूड आहे,
त्याखाली घडी करून मीच सारली.
तेव्हापासून मशीन हलत नाही.
कागद सरळ कापला जातो.

मलाही बोलावलं होतं.
पंख्याखाली तिघे, समोर मी, कोपऱ्यात लिहिणारा पोरगा.
"दोनदा छापलं, हे तुम्हाला माहीत होतं?"
"आम्ही नुसतं छापतो," मी म्हणाले, "वाचत नाही."
नखांकडे त्यांचं लक्ष गेलं नाही.
"आणि उपायुक्त कधी आले होते का प्रेसवर?"
खूप लोक येतात, म्हटलं. लग्नाच्या पत्रिका असतात.

पोरगा भराभर लिहीत होता.
मला समोरून, उलटं, सगळं दिसत होतं.
वर त्याने मथळा काढला होता, खाली दोनदा रेघ मारून:
चौकशी समीती.
एकदा वाटलं, सांगावं त्याला.
त्याने कागद फिरवून माझ्यापुढे सरकवला,
"वाचून सही करा."

मी सही केली.